घोडा एकाचा, कुरण दुसऱ्याचे



इतिहासात घोडा आला की आपले लक्ष चटकन स्वाराकडे जाते. कोल्हापुरात कावळा नाक्यावर महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्यासमोर उभे राहिले म्हणजे पराक्रम आठवतो, धावपळीचा तो काळ आठवतो. पण मोहीम संपल्यावर घोडा रात्री बांधला कुठे जाई, त्याला वैरण कोण घाली, आणि तो सुटून एखाद्या कुणब्याच्या जोंधळ्यात शिरला तर जाब कोणाला द्यावा लागे, हे प्रश्न पुतळ्याकडे पाहून सुचत नाहीत. आज आपण नेमका याच गोष्टींचा विचार करणार आहोत.

हा विचार केवळ जुन्या काळापुरता नाही, बरं का. वरातीसाठी, शर्यतीसाठी किंवा निव्वळ हौसेसाठी घोडा बाळगणारी माणसे आजही आहेत. त्यांतल्या पुष्कळांकडे जमीन नसते. मग शहराजवळच्या एखाद्या शेतकऱ्याकडे घोडा ठेवला जातो आणि महिन्याला काही रक्कम ठरते. बोलणे होते ते इतकेच :

“आबा, माझी घोडी चार महिने तुमच्या मळ्यात राहू दे.”

“राहू दे की. वैरण आहे, पाणी आहे. काळजी नको.”

या बोलण्यात वैरण आली, पाणी आले, पण कुंपण आले नाही. पुढे एके रात्री घोडी बिथरते, तारेत पाय अडकवून घेते किंवा शेजाऱ्याच्या उसात जाते. मग मालक म्हणतो, तुमचे कुंपण कच्चे. शेतकरी म्हणतो, तुमची घोडी द्वाड. आणि शेजारी म्हणतो, तुम्ही दोघे काय ते बघा, माझी भरपाई कोण देणार? हा तंटा कसा सोडवावा? आपल्या पूर्वजांनी त्याचा विचार केला होता काय?

केला होता. पण त्यांचे कुंपण निराळे होते. मराठी फौजेत घोडा राखायचा तो दोरीने आणि माणसाने. पुढच्या बाजूने अगाडी, मागच्या पायांना पिछाडी, आणि दोन्हींची टोके जमिनीत ठोकलेल्या मेखांना. आजही आपण एखाद्याला ‘पायबंद घातला’ म्हणतो, तो शब्द याच दावणीवरून आलेला आहे. दोरीला सोबत होती मोतद्दाराची. खरारा करणे, चंदीचा तोबरा चढवणे, मेख हलली की पुन्हा ठोकणे, ही त्याची कामे. कुंपण मुके असते, मोतद्दार मुका नव्हता. घोडा रात्री का खिंकाळला हे त्याला सकाळी सांगावे लागे.

या व्यवस्थेची आखणी कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत वाचायला मिळते. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या काळात ही बखर जिंजीला लिहिली गेली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे दोन भाग सांगितले आहेत. ज्याचा घोडा सरकारचा तो बारगीर, आणि ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, आणि सर्वांच्या वर सरनोबत. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाण्याची जबाबदारी एकाची, खुराची दुसऱ्याची, आणि त्या दोघांवर नजर ठेवण्याची तिसऱ्याची. पंचवीस घोड्यांमधला एक जरी लंगडला तरी कोणाला बोलवायचे हे ठरलेले होते.

गुरुजनहो, मुलांना हा भाग शिकवताना आपण हवालदार, जुमलेदार, हजारी असे चढते आकडे पाठ करून घेतो. त्याबरोबर एक प्रश्नही विचारून पाहा : इतक्या पायऱ्या कशासाठी? माझे उत्तर असे, की बारगिराच्या बुडाखालचा घोडा त्याचा नव्हता. दुसऱ्याचे जनावर ज्याच्या हाती असते, त्याच्यावर हिशेबाची नजर लागते. याच बखरीत आणखी एक मोलाची गोष्ट आहे. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात छावणीला येई. तिथे दाणा, वैरण, औषधे आणि राहण्याची सोय आधीच केलेली असे. दसऱ्याला लष्कर बाहेर पडताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी होई, आणि परतल्यावर त्या यादीशी पडताळा घेतला जाई. जाताना काय होते आणि येताना काय आहे, हे कागदावर असले म्हणजे अर्धे तंटे जागच्या जागी मिटतात.

आता शेतकऱ्याची बाजू. महाराजांचे चिपळूणकडच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ते १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आसपासचे आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : आत्ताच दाणा-वैरण मनास येईल तशी उधळली तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि त्यांच्या मरणाचा दोष तुमच्यावर येईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कोणाचा दाणा, कोणाची लाकडे, कोणाचा भाजीपाला उचलाल, आणि लोकांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे विस्तवाची ताकीद आहे. चुलीची आग, चिलमीची ठिणगी, उंदराने पळवलेली दिव्याची जळती वात, यांपैकी कशानेही गवताच्या गंजी पेटतील, तेव्हा सावध राहा, असे बजावले आहे.

अहो, राज्याभिषेकाच्या धामधुमीत उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करणारा राजा किती बारकाईने पाहत असेल! परंतु मला या पत्रातले दुसरेच सूत्र महत्त्वाचे वाटते. घोड्याची हेळसांड आणि रयतेचा छळ या दोन गोष्टी पत्रात एकाच दोरीने बांधलेल्या आहेत. ज्याने घोड्याची सोय केली नाही, त्याचा घोडा किंवा तो स्वतः शेजाऱ्याच्या शेतात जाणारच. म्हणून घोडा सुरक्षित राखणे हे मालकाप्रमाणेच शेजाऱ्याचेही देणे आहे.

गावची शेती त्या काळी कशी राखली जाई? आपल्याकडे बांध ही हद्द होती. जनावर अडवणारे ते कुंपण नव्हते. काही ठिकाणी बाभळीच्या काट्यांची वई, कोकणात दगडी गडगा, कुठे निवडुंग किंवा शेर. पण बहुतेक पीक उघडेच. त्याचे रक्षण राखणदाराच्या गोफणीवर आणि गावच्या रीतीवर चाले. ‘पिकाला कुंपण नव्हते म्हणून माझे जनावर शिरले’ हे कारण पंचांपुढे चालत नसे. जनावर आवरणे हे जनावरवाल्याचे काम होते.

हीच रीत पुढे इंग्रजी अमलात कायद्याने बांधली गेली. जनावरांच्या अतिक्रमणाचा पहिला कायदा १८५७ चा, आणि त्याची जागा घेणारा १८७१ चा. आपण ज्याला कोंडवाड्याचा कायदा म्हणतो तो हाच. त्यात गुरांच्या व्याख्येत घोडे, घोड्या, तट्टे, शिंगरे, खेचरे, गाढवे, इतकेच काय, उंट आणि हत्तीसुद्धा घातले आहेत. पिकात शिरून नुकसान करणारे जनावर शेतकऱ्याने धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे, मालकाने दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून ते सोडवावे, असा त्याचा गाभा. पण शेतकऱ्यालाही मोकळे रान दिलेले नाही. विनाकारण जनावर अडकवले तर त्याच्याविरुद्ध दहा दिवसांत तक्रार करता येते, आणि शंभर रुपयांपर्यंत भरपाई देववता येते. हा कायदा ब्रिटिश मुलखाचा होता. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि इथला कारभार त्या प्रांताच्या कायद्यांखाली आला.

कोंडवाड्याच्या कायद्याने शेजाऱ्याचा प्रश्न सुटला. पण घोड्याचा मालक आणि घोडा ठेवून घेणारा, या दोघांमधले काय? त्याचे उत्तर लगेच दुसऱ्या वर्षी, १८७२ च्या करार कायद्यात आले. एकाने आपली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करायची आणि काम झाल्यावर ती परत घ्यायची, अशा ठेवीबद्दल त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. कायदा करणाऱ्यांनी तिथे जी उदाहरणे दिली आहेत त्यांत घोडा आणि गाय आहेत, हे आपल्याला जवळचे वाटावे.

या प्रकरणातल्या तीन गोष्टी प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ज्याने जनावर ठेवून घेतले त्याने त्याची काळजी किती घ्यावी? तर शहाणा, सर्वसाधारण माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी. जास्त नाही, कमीही नाही. तितकी काळजी घेऊनही नुकसान झाले, आणि वेगळा करार नसला, तर तो जबाबदार नाही. दुसरी गोष्ट मालकाची. आपल्या वस्तूतला माहीत असलेला दोष त्याने आधी सांगितला पाहिजे. यासाठी कायद्यातले उदाहरण असे : एकाने द्वाड घोडा, तो द्वाड आहे हे ठाऊक असूनही न सांगता, दुसऱ्याला वापरायला दिला. घोडा उधळला, स्वार पडला, जखमी झाला. तर नुकसानभरपाई घोडा देणाऱ्याकडे. तिसरी गोष्ट वाढाव्याची. राखायला दिलेल्या गाईला वासरू झाले तर गाईबरोबर वासरूही मालकाला परत द्यायचे, वेगळा करार नसेल तर. आपल्याकडे जनावर अर्धेलीने पाळायला देतात तेव्हा वासरात किंवा शिंगरात वाटा ठरतो. तो ठरावच वेगळा करार होय. म्हणून तो तोंडी न ठेवता चार ओळींत लिहून ठेवावा.

इंग्लंडातही याच सुमारास हे प्रश्न न्यायालयांपुढे येत होते. १८१७ च्या एका खटल्यात एका माणसाने भावाचा घोडा, काही मोबदला न घेता, आपल्या शेतात ठेवला होता. दोन शेतांमधले कुंपण दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी शेजाऱ्यावर होती, आणि ते मोडलेले होते. घोडा त्यातून पलीकडच्या शेतात पडून मेला. न्यायालयाने ठरवले की घोडा स्वतःचा नसला तरी तो ज्याच्या ताब्यात होता त्याला शेजाऱ्यावर दावा लावता येतो. १८७४ च्या दुसऱ्या खटल्यात पैसे घेऊन घोडे व गाड्या ठेवणाऱ्या तबेलेवाल्याची छपरी वाऱ्याने कोसळली आणि आतल्या गाड्या मोडल्या. त्याने छपरी जाणत्या माणसाकडून बांधून घेतली होती, म्हणून त्याला दोषी धरले नाही. दोन्ही निकालांतून एकच तत्त्व निघते : जनावर कोणाच्या नावावर आहे याइतकेच ते कोणाच्या हाती आहे, आणि ज्याच्या हाती आहे त्याने वाजवी काळजी घेतली की नाही, हे पाहावे लागते.

याच १८७४ साली, म्हणजे राज्याभिषेकाला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, अमेरिकेत इलिनॉय प्रांतातल्या जोसेफ ग्लिडनने आपल्या काटेरी तारेचे पेटंट मिळवले. मोकळ्या माळांवरची गुरे अडवायला ती तार उत्तम ठरली, स्वस्त पडली, आणि जगभर पसरली. आपल्या बांधांवरही ती आली. मेख आणि मोतद्दार यांची जागा खांब आणि तार यांनी घेतली. इथेच जबाबदारी पातळ झाली असे माझे मत आहे. माणूस राखायला होता तोवर जाब देणारे तोंड होते. तार लावली की प्रत्येकाला वाटते, आता तार बघून घेईल.

पण घोडा म्हणजे बैल नव्हे. बैल तारेला अंग घासून मागे सरतो. घोडा भ्याला की आधी पळतो आणि मग पाहतो. डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्याने त्याला चौफेर दिसते खरे, पण नाकासमोरचे अगदी जवळचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. संधिप्रकाशात एकेरी बारीक तार तर त्याच्या ध्यानातच येत नाही. तिच्यात पाय अडकला की तो थांबत नाही, हिसके मारतो, आणि चामड्याबरोबर स्नायूही फाटतात. पायाने गेलेला घोडा म्हणजे गेलेला घोडाच, हे वेगळे सांगायला नको. सुटून कोठीतल्या दाण्यावर तुटून पडला तरी घात होतो, कारण घोड्याला ओकता येत नाही, आणि पोटशुळाने तो दगावू शकतो.

म्हणून घोड्याचे कुंपण कसे असावे? उंची साधारण साडेचार फूट. वरची आडवी फळी, बांबू किंवा रुंद पट्टी लांबून दिसेल अशी. खूर अडकणार नाही इतकीच फट. खिळ्यांची टोके आतल्या बाजूला नकोत. कोपरे शक्य तर गोलसर, म्हणजे दांडगा घोडा दुबळ्याला कोपऱ्यात कोंडणार नाही. काटेरी तार आधीपासून असेल तर घोड्याच्या बाजूने हातभर आत दुसरी काटे नसलेली आड घालावी. फाटकाची कडी घोड्याच्या ओठांनी उघडणार नाही अशी असावी. आणि सजीव कुंपणाची निवड डोळसपणे करावी. शोभेसाठी बांधावर लावलेली कण्हेर घोड्याला प्राणघातक आहे. मोगली एरंड आणि घाणेरीही विषारीच. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. आपल्या गावात ही झाडे कुंपणाला सर्रास दिसतात. गाईगुरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत म्हणून आपण निश्चिंत असतो. पण लहान जागेत कोंडलेला, कंटाळलेला, भुकेला घोडा समोर येईल ते चावून पाहतो.

जुनी दावण मग वाईट होती काय? वाईट नव्हती, पण तिच्याजवळ माणूस होता. माणूस नसताना आखूड दोराने घोडा दिवसचे दिवस बांधून ठेवणे हा आता गुन्हाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. आखूड किंवा जड साखळीने वा दोराने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे त्याने गुन्हा ठरवले. त्याच कायद्यात मालक या शब्दाची व्याख्या मोठी बोलकी आहे. जनावर तूर्त ज्याच्या ताब्यात किंवा राखणीत आहे, तोही मालकच धरला जातो. तेव्हा ‘घोडा माझा नाही’ असे म्हणून राखणाऱ्याला हात झटकता येत नाहीत. तसेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे, जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका पोचू नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुणे-बंगळूर हमरस्त्याच्या कडेला ज्यांचे मळे आहेत त्यांनी याचा विशेष विचार करावा. रात्री रस्त्यावर आलेला घोडा स्वतः मरतो आणि मोटरसायकलवरच्या माणसालाही मारतो.

तर मग जबाबदारी कोणाची? मंडळी, मला इतिहासाचे आणि कायद्याचे उत्तर एकच दिसते. कुंपण ज्याच्या जमिनीत आहे आणि राखणीचा पैसा जो घेतो, त्याने ते घोडा अडेल आणि घोड्याला इजा होणार नाही असे ठेवावे. घोडा ज्याचा आहे त्याने त्याचा स्वभाव लपवू नये : तो उडी मारतो का, तारेला भितो का, दुसऱ्या घोड्यांशी भांडतो का. आणि घोडा सोडण्यापूर्वी दोघांनी मिळून कुंपणाला एक फेरी मारावी. ही फेरी म्हणजेच सभासदाच्या बखरीतली ती दसऱ्याची यादी समजा.

पैसे देणारा मालक पुष्कळदा शहरातला आणि शिकलेला असतो, राखणारा शेतकरी कमी पैशात राखण पत्करतो. मोठे कुंपण उभारण्याचा खर्च त्याला झेपत नाही, आणि मालकाला ते दिसत असते. दिसत असूनही स्वस्तात घोडा ठेवायचा आणि अपघात झाला की सगळा दोष शेतकऱ्यावर टाकायचा, हे न्यायाचे नव्हे. अशा वेळी कुंपणाचा खर्च कोण किती सोसणार हे आधीच ठरवावे. एका कागदावर इतके लिहावे : घोड्याचे वर्णन आणि आज त्याच्या अंगावर असलेल्या जखमा, त्याच्या खोडी, कुंपणाची आजची स्थिती, दुरुस्ती कोण करणार आणि खर्च कोणाचा, रोज फेरी कोण मारणार, घोडा आजारी पडला तर वैद्याला कोण बोलावणार, शेजाऱ्याचे नुकसान झाले तर कोण भरणार, आणि घोडी व्याली तर शिंगरू कोणाचे. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना गावच्या गुरुजींनी लिहून द्यावे. हे काम शिक्षणाच्या बाहेरचे नाही.

भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांतली भीमथडीची तट्टे एके काळी मराठी फौजेचा कणा होती. आजही मेंढपाळ धनगर तीच तट्टे बाळगतात आणि त्यांच्या पाठीवर सारा संसार लादून गावोगाव फिरतात. त्यांच्या तळावर कुंपण कसले आले? तिथे अजूनही दोर आहे आणि माणूस आहे. रात्री तट्टू हलले की कोणीतरी उठतो. आपण खांब रोवले, तार ओढली, ते चांगलेच केले. पण ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आपल्या लोकांनी उगीच केलेली नाही. राखणीसाठी ठेवलेली गोष्ट राखते आहे की नाही, हे पाहणारा माणूस लागतोच. दुसऱ्याचा घोडा आपल्या मळ्यात बांधून घेताना त्या माणसाचे नाव आधी ठरवा. नाहीतर वरातीमागून घोडे नाचवण्यात काही अर्थ उरत नाही.